दाजींचे सहाशे आणि गल्ल्यावरचा मॅनेजर

पत्र: ताई नमस्कार. मी सोलापूरचाच, होटगी रोडला राहतो, बँकेत नोकरी. बहीण आणि दाजी न्यू जर्सीहून महिनाभराच्या सुट्टीला आलेत म्हणून मागच्या शनिवारी सगळे एका एसी हॉटेलात जेवायला गेलो. जेवणाचे ३४०० झाले, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३४०, आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी १८७, असं ३९२७ चं बिल आलं, ते मी कार्डानं भरलं. दाजींनी वर सहाशे रुपये बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवले. वडील (सूतगिरणीतून रिटायर) तिथंच चिडले, म्हणले पगार मालक देतो ना, आम्हाला मिलमध्ये कुणी टीप दिली का कधी. आईनं गुपचूप बडीशेपच्या वाटीत वीसची नोट टाकली. आणि निघताना मी बघितलं, मॅनेजरनं त्या पोराच्या हातातनं फोल्डर घेतलं, सहाशे काढून गल्ल्यात टाकले, वाटीतले वीस तेवढे पोराकडं राहिले. एकोणीस-वीसचं असेल पोरगं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी काही बोललो नाही, गाडी काढली. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. कुणाचं बरोबर? टीप किती द्यायची? सर्व्हिस चार्ज द्यायचा का? आणि मी तिथं बोलायला पाहिजे होतं का?

भाऊ, प्रश्न चार विचारलेत पण तुम्हाला टोचतोय तो शेवटचा, म्हणून मी तिथूनच सुरू करते. ते सहाशे रुपये त्या पोराचे होते. बिल भरून झालं होतं, हॉटेलचं देणं संपलं होतं, त्यानंतर दाजींनी जे ठेवलं ते वाढणाऱ्याला ठेवलं, हॉटेलला नाही. फोल्डर हॉटेलचं आहे म्हणून आतले पैसे हॉटेलचे होत नाहीत. एक शक्यता मोकळी ठेवते, काही हॉटेलात टीप एकत्र जमा करतात आणि नंतर सगळ्यात वाटतात, तसं असेल तर मॅनेजरनं घेतले यात काही वाकडं नाही. पण वाटून देणारा माणूस पैसे गल्ल्यात टाकत नाही हो, डब्यात टाकतो, आणि पोरगं मान खाली घालत नाही.

हे मी एवढं ठामपणे का सांगते तर माझे वडील स्टेशनजवळच्या एका हॉटेलात वीसेक वर्षं गल्ल्यावर होते. त्यांच्या पायाशी डालड्याचा रिकामा डबा असायचा, झाकणाला चाकूनं भोक पाडलेलं, पोरं टेबल पुसून आली की वाटीतले पैसे त्यात टाकायची, आवाज यायचा खण्ण करून. शनिवारी रात्री शटर अर्धं खाली ओढलं की शेवटच्या टेबलावर पेपर अंथरायचे आणि डबा त्याच्यावर पालथा. दहा-दहाच्या चळती लावायला मला बसवायचे, मी आठ-नऊ वर्षांची, बोटांना तेलाचा आणि नाण्यांचा मिळून एक वास यायचा तो अजून आठवतो. मग वाटण्या. वाढणाऱ्या पोरांना, वस्तादला म्हणजे आचाऱ्याला, भाकरी थापणाऱ्या दोन बायकांना, मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशीला, सगळ्यांना सारखं. मावशीला सारखं कशाला, ती गिऱ्हाईकाला दिसत पण नाही, असं एका पोरानं एकदा म्हणलं तर वडील म्हणले की ताट खरकटं आलं असतं तर तुला टीप मिळाली असती का. एकदा मालक म्हणाला या महिन्यात कप लई फुटले, डब्यातनं वजा करा. वडील म्हणले कप तुमचे आहेत, डबा पोरांचा आहे. त्यानंतर मालक पंधरा दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही, पण डब्याला हात पण लावला नाही.

आणि याच्या उलटही बघितलंय. कॉलेजात असताना लग्नसराईत मी आणि मैत्रिणी एका केटरिंगवाल्याकडं वाढायला जायचो, रात्रीचे ठरलेले पैसे आणि जेवण. एका लग्नात मुलीच्या वडिलांनी आम्हा सगळ्या पोरींसाठी म्हणून पाचशे रुपये ठेकेदाराकडं दिले, आमच्या समोर दिले, नाव घेऊन दिले. आमच्यापर्यंत एक रुपया आला नाही आणि आम्ही विचारलं पण नाही, कारण पुढच्या लग्नाला बोलावणार नाही ही भीती. त्या पोरानं मान खाली घातली ना, ती मान मला ओळखीची आहे.

आता दाजी. त्यांना उधळ्या म्हणू नका. ते जिथं राहतात तिथं टीप हाच पगार असतो. अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतःच्या खिशातनं तासाला २.१३ डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्यात चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांचं किमान वेतन ७.२५ डॉलर, ते पण २००९ पासून तिथंच. मधली तूट टिपांमधनं भरून निघते असं धरतात, नाहीच निघाली तर मालकानं भरायची असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही पद्धत बंद केली, तिथं वेटरला पण पूर्ण किमान वेतन मिळतं, पण बाकी बऱ्याच ठिकाणी हेच चालू. त्यामुळं तिथं पंधरा-वीस टक्के न ठेवणं म्हणजे माणसाची मजुरी बुडवणं. दाजींच्या हाताला ती सवय लागलीय, ३४०० वर सहाशे म्हणजे साडेसतरा टक्के होतात, त्यांनी मनातल्या मनात हिशोब करूनच ठेवले असणार. एक मात्र दाजींना सांगा, तिकडचाच २०१८ चा कायदा म्हणतो की मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी कामगारांच्या टिपेतला वाटा ठेवायचा नाही. म्हणजे त्या रात्री जे झालं ते त्यांच्या गावात झालं असतं तर सरळ कायदा मोडला असता. इंग्लंडमध्ये पण १ ऑक्टोबर २०२४ पासून तसा कायदा लागू झालाय, टीप आणि सर्व्हिस चार्ज सगळा कामगारांना, मालकानं कापायचं नाही.

आणि वडील. भाऊ, मला विचाराल तर मूळ मुद्द्याला वडिलांचं सगळ्यात बरोबर आहे. पगार मालकानं द्यायचा. पण वडील मिलवाले आहेत हे लक्षात घ्या. सोलापूरच्या मिलमधल्या माणसाला भोंगा झाला की पाळी संपली हे माहीत होतं, हजेरी होती, पगाराची तारीख होती, दिवाळीचा बोनस होता आणि हे सगळं कुणी आणून दिलं नव्हतं, युनियननं भांडून, संप करून, पोराबाळांना अर्धपोटी ठेवून मिळवलं होतं. त्यांना टीप लागली नाही कारण त्यांच्यामागं लाल बावटा होता. त्या पोराच्या मागं कोण आहे? हे वडिलांपुढं भांडण म्हणून नका मांडू, नुसतं विचारा की बाबा, त्या पोराला हजेरी कार्ड असेल का, त्याला पीएफ असेल का, आणि मग ते काय म्हणतात ते ऐका. मिलमधला माणूस हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ओळखतो.

आपल्याकडच्या हॉटेलात 'राहून-जेवून' पगार ही पद्धत अजून जोरात आहे, म्हणजे वरच्या खोलीत चार-पाच पोरं एकत्र झोपणार, दोन वेळ तिथंच जेवणार आणि महिन्याला हातात ठरलेली रक्कम. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच जोरावर सकाळी दहाला चालू झालेलं काम रात्री साडेबाराला संपतं, मध्ये दुपारी दोन तास डोळा लागला तर लागला. राहायला तिथंच आहेस ना, मग घरी जायची घाई कुणाला. गावाकडं आजारपण निघालं की उचल घ्यायची, मग ती फिटेपर्यंत सोडून जाता येत नाही. खाडा झाला तर कापणार. आणि पोरगं कामाला लागताना विचारतं की मालक पगार किती, तेव्हा उत्तर येतं पगार एवढा आणि वर टीप सुटते. हे 'वर टीप सुटते' जे आहे ना ते माझ्या डोक्यात जातं, कारण त्या वाक्यात मालक तुमचे-माझे पैसे स्वतःच्या पगारात मोजतोय.

आणि ते त्याला मोजता येत नाहीत. १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की टीप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही, त्यामुळं ती कामगाराच्या पगारात धरता येत नाही. महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहातल्या कामगारांना किमान वेतन ठरवून दिलेलं आहे, त्यात मूळ वेतन असतं आणि वर विशेष भत्ता, तो महागाईप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो. टीप किती मिळते याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पोराला दिवसाला हजार टीप मिळाली तरी मालकानं किमान वेतन पूर्ण द्यायचंय. ओव्हरटाइम दुप्पट दरानं. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. ग्लास फुटला म्हणून मनाला येईल तेवढं कापायचं असं पण नाही, कारण विचारावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. कायद्यात हे आहे, पोरांना माहीत नाही, आणि माहीत असलं तरी विचारायची सोय नाही. त्या पोरानं कधी तुम्हाला विचारलंच तर सांगा की सोलापुरात सहाय्यक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, किमान वेतनाची तक्रार तिथं करता येते. एकट्यानं जाऊ नको, दोघं-चौघं मिळून जा, हे पण सांगा.

आता तुमच्या बिलातली ती ३४० ची ओळ. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो, सर्व्हिस चार्ज हॉटेलनं स्वतः लावलेला असतो आणि दोन्ही शेजारी-शेजारी टक्क्यात छापलेले असतात म्हणून माणूस फसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हॉटेलनं बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या नावानं पण नाही, आणि गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगायचं की हा ऐच्छिक आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, तर दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला ते नियम बरोबर ठरवले आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंड लावला, नंतर त्या अपिलात गेल्या. तुमच्या बिलात तर त्या ३४० वर पण जीएसटी धरलाय बघा, १७ रुपये. म्हणजे न मागता लावलेल्या पैशावर तुम्ही टॅक्स पण भरलात. पुढच्या वेळी बिल आल्यावर शांतपणे म्हणा की सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या. बहुतेक वेळा काढतात. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन लावता येतो. पण एक करा, काढलेले ३४० खिशात टाकून निघू नका, त्यातले निदान शंभर-दीडशे वाढणाऱ्याच्या हातात द्या. नाहीतर काय होतं, तुम्ही गेल्यावर मॅनेजर त्याच पोराला सुनावतो की तुझ्या टेबलनं चार्ज काढायला लावला.

किती द्यायची याला आपल्याकडं ठरलेला दर नाही आणि मी पण टक्के सांगणार नाही, मी स्वतः काय करते ते सांगते. टपरीवर चहा, पोहे, भजी खाल्ली तर टीप देत नाही, फार तर दोन-पाच रुपये सुट्टे राहू दे म्हणते. घरगुती खानावळ, जिथं मावशी स्वतः कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढते, तिथं मालकिणीच्या हातात टीप ठेवणं बरोबर दिसत नाही, तिथं जेवण चांगलं झालं असं तोंडानं सांगते, पण वाढायला पगारी पोरगं असेल तर त्याला वीस-तीस. साध्या मटण-भाकरीच्या हॉटेलात, जिथं तो चारदा रस्सा घेऊन येतो आणि आपण पाचव्यांदा मागतो, तिथं चौघांमागं पन्नास. एसी हॉटेलात घरचे सगळे असले की शंभर ते दोनशे. तुमच्या त्या रात्रीच्या बिलावर मी दीडशे ठेवले असते, दाजींनी सहाशे ठेवले म्हणून मला राग नसता आला आणि तुमच्या आईनं वीस ठेवले म्हणून कमीपणा पण नसता वाटला, त्यांनी निदान गुपचूप ठेवले आणि खरं म्हणजे पोराच्या हाताला लागले ते त्यांचेच. ज्याच्याकडं नाही त्यानं नाही दिली तरी चालतं, कर्ज काढून टीप द्यायची नसते, पण मग टेबलावर नॅपकिनचा ढीग आणि सांडलेला रस्सा सोडून जाऊ नये एवढं तरी करावं.

द्यायची कशी, ते किती द्यायची यापेक्षा महत्त्वाचं आहे. फोल्डरमध्ये नको, वाटीत नको, कार्डावर वाढवून नको आणि गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर तर अजिबात नको, तो साउंड बॉक्स 'दोनशे रुपये प्राप्त हुए' म्हणतो ते मालकाच्या खात्यात गेलेले असतात, मग पोराला मिळणं न मिळणं मालकाच्या मर्जीवर. रोख द्या, उठताना त्याच्या हातात द्या, नाव विचारून द्या. हल्ली खिशात सुट्टे नसतात हे मला कळतं, मी पर्सच्या वेगळ्या कप्प्यात पन्नासच्या चार-पाच नोटा घडी करून ठेवते फक्त यासाठी. लग्नात, मुंजीत, मंगल कार्यालयात तर हे जास्त लक्षात ठेवा, तिथं वाढणारी पोरंपोरी रोजावर आणलेली असतात, ठेकेदाराकडं एकरकमी देऊ नका. पंगत उठली की सगळ्यांना एका ठिकाणी बोलवा, मोजा, आणि सगळ्यांसमोर प्रत्येकाच्या हातात ठेवा. वीस-वीस आले तरी चालतील.

आणि आता तुमचा तो शेवटचा प्रश्न. तुम्ही तिथल्या तिथं ओरडला नाहीत हे एका अर्थी बरंच झालं असं मला वाटतं, कारण तुम्ही गाडीत बसून निघून गेला असता आणि पोराला त्या मॅनेजरखाली रात्री बारापर्यंत काम करायचं होतं. कदाचित वरच्या खोलीत झोपायचं पण त्याच्याच परवानगीनं. पण गप्प बसून विषय संपवायचा पण नाही. एक दिवस दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा, तेव्हा गर्दी नसते आणि मालक स्वतः असायची शक्यता जास्त. मॅनेजरकडं नको, मालकाकडं जा. पोराचं नाव काढू नका, टेबल नंबर, तारीख, शनिवार, काही सांगू नका. एवढंच म्हणा की आम्ही घरचे सगळे तुमच्याकडं येतो, जेवण आवडतं, आम्ही जी टीप ठेवतो ती वाढणाऱ्यांपर्यंत पोचते का, कशी वाटता तुम्ही? बास. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. ज्याच्याकडं हिशोब आहे तो लगेच सांगतो की डबा आहे, आठवड्याला वाटतो, मोरीवाल्याला पण देतो. ज्याच्याकडं नाही तो अडखळतो. आणि गिऱ्हाईक हे बघतंय हे त्याला कळतं, त्याचा परिणाम होतो, मी दोन ठिकाणी विचारलंय, एका ठिकाणी पुढच्या महिन्यात गल्ल्याशेजारी कुलूपवाला पारदर्शक डबा आलेला मी बघितला. दुसऱ्या ठिकाणी काहीच झालं नाही, तिथं मी जायचं सोडलं आणि का सोडलं ते मालकाला सांगून सोडलं.

दाजी अजून आहेत ना सुट्टीला? मग परत तिथंच जा, वडिलांना पण घेऊन जा. तोच पोरगा असेल तर जेवण झाल्यावर दाजींना म्हणा तुम्ही काही ठेवू नका, आणि पैसे वडिलांच्या हातात द्या. त्याच्याशी बोलायचं काम पण त्यांनाच सांगा, गाव कुठलं, घरी कोण असतं, पगार वेळेवर होतो का. मिलमधल्या माणसानं विचारलं तर पोरगं खरं सांगेल असं मला वाटतं. काय सांगितलं ते मला कळवा.